अमेरिकेतली शहरं खरंच एकमेकांपेक्षा वेगळी असतात का? ह्यूस्टन, जर्सी सिटी की शिकागो?

तुम्ही लिहिलंय की कंपनी ह्यूस्टन, जर्सी सिटी आणि शिकागो यांपैकी कुठेही पाठवायला तयार आहे, बरोबर पत्नी आणि चार वर्षांची मुलगी येणार आहे, आणि ओळखीतले सगळे म्हणताहेत, "अमेरिका सगळीकडे सारखीच, पगार बघ आणि जा." मी २००९ पासून या तिन्ही ठिकाणी राहिलेय, तिन्ही वेळा नवऱ्याच्या नोकरीमागून. त्यामुळे मला कुणी न सांगितलेली गोष्ट आधी सांगते. नोकरी तुमची असली तरी शहर वाट्याला येतं ते घरी राहणाऱ्या माणसाच्या. ऑफिस ह्यूस्टनचं असो की शिकागोचं, तोच एसी, तीच कॉफी, त्याच मीटिंगा. सकाळी अकरा वाजता मुलीला घेऊन बाहेर पडायचं तर कुठे आणि कसं, हा प्रश्न तुमच्या पत्नीला पडणार आहे, आणि त्याचं उत्तर या तीन शहरांत तीन तऱ्हेचं आहे.

माझी सुरुवात ह्यूस्टनला झाली. जूनमध्ये पोचलो. शहराच्या पश्चिमेला, वेस्टहायमर रोडजवळ दोन बेडरूमचं ऐसपैस अपार्टमेंट, खाली स्विमिंग पूल. तिसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर लक्षात आलं की घरात कोथिंबीर नाही. दुकान नकाशावर दीड किलोमीटरवर दिसत होतं. सांगलीत एवढं अंतर मी भाजीसाठी रोज चालायचे, म्हणून पिशवी घेऊन निघाले. दहा मिनिटांत फुटपाथ संपला. पुढे नुसतं गवत, आणि शेजारून सुसाट गाड्या. घामाने ओढणी अंगाला चिकटलेली. तेवढ्यात एक पिकअप ट्रक बाजूला थांबला आणि आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काच खाली करून विचारलं, "गाडी बंद पडली का? कुणाला फोन करायचाय?" मी म्हटलं, भाजी आणायला चाललेय. त्यांना ते काही केल्या पटेना. त्या भागात रस्त्याने चालणाऱ्या माणसावर काहीतरी संकट कोसळलेलं असणार, असंच लोक धरून चालतात.

पण ते थांबले, हेही ह्यूस्टनच. दुकानातली कॅशियर तुम्हाला "हनी" म्हणते, "कशी आहेस" विचारते आणि उत्तर ऐकायला थांबते. मागची रांगही कुरकुरत नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस तुमच्या मुलीच्या बुटांचं कौतुक करतो. इतकं मोकळंढाकळं वागणं मला नंतर कुठे भेटलं नाही.

शहराचा पसारा मात्र भयंकर. बृहन्मुंबईच्या अडीचपटीहून जास्त क्षेत्रफळ आणि वस्ती जेमतेम २३ लाख. त्यात तिथे झोनिंगचा कायदा नाही. म्हणजे अमुक भागात घरं आणि तमुक भागात दुकानं, अशी महापालिकेची आखणीच नाही. तो आणावा का यावर मतदान झालं आणि लोकांनी नाही म्हणून सांगितलं, शेवटचं १९९३ मध्ये. त्यामुळे बंगल्याशेजारी टायरचं दुकान, त्याच्या पलीकडे चर्च, असं काहीही दिसतं. मला तो गोंधळ आपल्याकडच्यासारखा वाटायचा आणि आवडायचा. फक्त या टोकाकडून त्या टोकाला जायला गाडी हवी. केटी फ्रीवे काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून २६ लेनचा आहे आणि तरी संध्याकाळी तुंबतो. डाउनटाउनमध्ये दुपारी फुटपाथ ओस पडलेले बघून मी घाबरले होते. नंतर कळलं की माणसं जमिनीखाली आहेत. इमारतींना जोडणारे बोगदे मैलोन्‌मैल गेलेत, थंडगार, आत खाण्याची दुकानं. उन्हाला कंटाळून शहरच खाली उतरलंय.

मी पाच महिने घरात काढले. नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या एच-४ व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, लायसन्स नव्हतं, आणि बस माझ्या कॉम्प्लेक्सपासून लांब. दर शनिवारी नवरा हिलक्रॉफ्टला न्यायचा. त्या भागाला आता महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं नाव दिलंय. तिथे मिसळीच्या मटकीपासून सोन्याच्या पाटल्यांपर्यंत सगळं मिळतं. मी आठवडाभर त्या शनिवारची वाट बघायचे. मग शेजारच्या तेलुगू बाईने एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला गाडी शिकवली. लायसन्स हातात आलं आणि तेच शहर मला आवडायला लागलं. म्हणून ह्यूस्टनला आलात तर सोफा नंतर घ्या, आधी दुसरी गाडी आणि पत्नीचं लायसन्स. आणि घर बघताना पुराचा नकाशा बघा. २०१७ च्या हार्वी वादळात केटीकडे बार्कर जलाशयाजवळ राहणाऱ्या आमच्या मित्रांच्या घरात कमरेइतकं पाणी होतं, आणि घर घेताना त्यांना त्या जलाशयाचं नावही माहीत नव्हतं.

२०१२ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीला गेलो तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. ह्यूस्टनच्या भाड्यात तिथे एक बेडरूमही मिळेना. जर्नल स्क्वेअरजवळ जे मिळालं त्यात खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची आणि कपडे धुवायला नाण्यांची पिशवी घेऊन तळघरात उतरावं लागायचं. तरी सांगते, माझी अमेरिका तिथे सुरू झाली. स्ट्रोलर घेऊन खाली उतरलं की पाच मिनिटांत नेवार्क अव्हेन्यू: इडलीवाले, मिठाईवाले, भाजीच्या टोपल्या बाहेर मांडलेले गुजराती. नदीखालून जाणारी पाथ ट्रेन पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत मॅनहॅटन, म्हणजे थेट न्यू यॉर्कच्या मध्यात. ती रात्रभर चालते. तीन वर्षं आम्ही गाडीच घेतली नाही. (घेतली असती तरी पेट्रोल स्वतः भरता आलं नसतं. न्यू जर्सीत पंपावरच्या माणसानेच भरायचं असा कायदा आहे, अजूनही.)

तिथल्या लोकांना उद्धट म्हणतात. गोड बोलत नाहीत हे खरं. पहिल्या आठवड्यात तिकिटाच्या यंत्रापुढे मी गोंधळले तर मागचा माणूस इतक्या जोरात उसासला की मला रडू आलं. त्याच आठवड्यात सबवेच्या जिन्याखाली मी स्ट्रोलर घेऊन उभी होते, लिफ्ट नव्हती, बऱ्याच स्टेशनांवर नसतेच. कोटातल्या एका बाईने काही न बोलता पुढची चाकं उचलली, वर नेऊन ठेवली आणि मी थँक्यू म्हणेपर्यंत ती गर्दीत नाहीशी झाली. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकणाऱ्या मुंबईकराला हा स्वभाव लगेच ओळखू येईल. ऑक्टोबरात सॅंडी वादळ आलं, वीज गेली, आमच्या मार्गावरची पाथ आठवडाभर बंद होती. एरवी नजरेला नजर न देणारे शेजारी त्या आठवड्यात जिन्यात मेणबत्त्या लावून एकमेकांच्या फ्रीजमधलं संपवत बसले होते. वीज आली आणि पुन्हा जो तो आपापल्या घाईत.

तुमच्या मुलीसाठी महत्त्वाचं: जर्सी सिटीत सरकारी प्री-स्कूल तीन-चार वर्षांच्या मुलांना मोफत आहे, पूर्ण दिवसाचं. बहुतेक ठिकाणी त्या वयात खाजगी शाळेला भरभक्कम पैसे मोजावे लागतात. भाड्याचा हिशेब करताना हेही धरा.

मग शिकागो. खरं तर नेपरव्हिल. इथे एक गैरसमज दूर करते. ऑफरवर शिकागो लिहिलेलं असतं, पण आपली मंडळी मुलांच्या शाळा बघून नेपरव्हिलला किंवा शॉमबर्गला जातात, तशीच ह्यूस्टन म्हणून शुगरलॅंडला आणि न्यू यॉर्क म्हणून एडिसनला. आणि ही उपनगरं, तुमचे ओळखीचे म्हणतात तशी, खरोखर एकसारखी आहेत. तेच कॉस्टकोचं अवाढव्य दुकान, तेच पटेलांचं भारतीय किराणा दुकान, तोच शनिवारी वाढदिवस आणि रविवारी मुलांची बालविहारची शिकवणी. रात्री डोळे बांधून एकातून उचलून दुसऱ्यात सोडलं तर ओळखू येणार नाही. फक्त जानेवारीत येईल.

कारण शिकागोचा हिवाळा माणसाला घडवतो. ३० जानेवारी २०१९ ला तिथे पारा उणे ३० च्या खाली गेला. शाळा बंद, टपालसुद्धा आलं नाही, रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून त्यांच्या कडेने ज्वाळा पेटवल्या होत्या आणि त्यातून गाड्या जात होत्या. आमच्या पलीकडचे पोलिश आजोबा दर बर्फानंतर स्वतःच्या दाराबरोबर आमच्या दारापुढचाही बर्फ यंत्राने काढून द्यायचे. थँक्यू म्हणायला गेलं तर हवेबद्दल बोलायचे. मिडवेस्टमधली माणसं अशी. ह्यूस्टनसारखी पहिल्या मिनिटाला मिठी मारत नाहीत, पण फावडं घेऊन येतात. शहरात मात्र बर्फ काढून मोकळी केलेली पार्किंगची जागा धरायला लोक रस्त्यावर मोडक्या खुर्च्या ठेवतात आणि त्या कुणी हलवत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या कुळातलेच.

शहर म्हणाल तर तिघांत देखणं शिकागोच, माझ्या मते वादच नाही. १८७१ च्या आगीनंतर नव्याने उभं राहिलेलं, आणि मिशिगन तळ्याचा काठ इमारतींना न विकता लोकांसाठी राखलेला. स्वच्छही आहे, आणि त्याचं कारण मला फार मजेशीर वाटतं: शिकागोत जवळजवळ प्रत्येक घरामागे बोळ आहे, कचरा तिथे जातो. मॅनहॅटनची १८११ ची आखणी करणाऱ्यांनी बोळ सोडलेच नाहीत. त्यामुळे तिथे दोनशे वर्षं कचरा पुढच्या दारी, काळ्या पिशव्यांत, फुटपाथवर. २०२४ पासून छोट्या इमारतींना झाकणाचे डबे सक्तीचे केलेत. जुलैतल्या न्यू यॉर्कचा वास आठवला की मला अजून त्या नकाशाकारांचा राग येतो.

नेपरव्हिलहून मेट्रा या उपनगरी रेल्वेची दुमजली गाडी सकाळी ठरलेल्या मिनिटाला सुटते, चाळीसेक मिनिटांत युनियन स्टेशन. नवरा वर्षानुवर्षं त्याच डब्यात, त्याच माणसांसमोर बसायचा. काहींची नावंही त्याला माहीत नव्हती, पण त्यातला एक निवृत्त झाला तेव्हा डब्यात केक कापला. २०१५ मध्ये नियम बदलून काही एच-४ धारकांना कामाची परवानगी मिळायला लागली. पुढच्या वर्षी माझी आली आणि मीही त्याच गाडीने जायला लागले. त्यामुळे शिकागोबद्दल माझं मत थोडं पक्षपाती असणार.

आता आम्ही सिएटलजवळ आहोत. ते तुमच्या यादीत नाही म्हणून थोडक्यात. पावसाचं एकूण माप न्यू यॉर्कपेक्षा कमी, पण महिनोन्‌महिने भुरभुर. आंबोली पाहिलेल्याला तो पाऊस वाटणारच नाही. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. माणसं अत्यंत सभ्य. "एकदा भेटूया" म्हणतात आणि भेटत नाहीत. ढग सरून माउंट रेनियर दिसला की अख्खं ऑफिस खिडकीशी जमतं, तेवढा एक दिवस सगळे एकमेकांशी बोलतात.

पैशाचं: टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, न्यू जर्सी आणि इलिनॉयमध्ये आहे. पण ह्यूस्टनला दोन गाड्यांचा विमा, पेट्रोल आणि हप्ते मांडले की वाचलेल्यातलं बरंच तिकडे जातं. घर विकत घ्याल तेव्हा तिन्हीकडे प्रॉपर्टी टॅक्स डोळे पांढरे करतो.

मी तुमच्या जागी असते तर पहिली दोन वर्षं जर्सी सिटी घेतली असती, लहान घर सोसून. मुलीची पहिली-दुसरी आली की शिकागोकडे बदली मागितली असती. पण तुम्ही पगार, शाळा, हवा, मराठी मंडळ सगळं विचारलंत आणि एक गोष्ट लिहिलीच नाहीत: तुमच्या पत्नीला गाडी चालवता येते का, आणि नसेल तर शिकायची इच्छा आहे का? उत्तर हो असेल तर माझा सल्ला बदलेल, ह्यूस्टनचं घर मोठं आहे आणि माणसं फार चांगली. तेवढं त्यांना विचारून कळवा.