गांजाच्या वेगवेगळ्या जातींचा वास, चव आणि परिणाम वेगळा का असतो?

वास आणि चव येते प्रामुख्याने टर्पीन या सुगंधी द्रव्यांमुळे. नशा येते मुख्यतः टीएचसी या रसायनामुळे. दोन्ही सगळ्यात जास्त बनतात मादी झाडाच्या फुलोऱ्यावर. भिंगातून पाहिलं तर तिथे बारीक देठांवर टाचणीच्या डोक्यासारखे राळेचे चकाकते थेंब दिसतात.

ही टर्पीनं इतरत्रही असतात. आंब्यातलं मायर्सीन, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, काळ्या मिरीतलं कॅरिओफायलीन. प्रमाण बदललं की एका जातीला लिंबाचा वास येतो, दुसरीला मिरीचा. 'स्कंक' म्हटल्या जाणाऱ्या गांजाचा उग्र भपकारा मात्र गंधकाच्या संयुगांचा, हे २०२१ मध्ये सिद्ध झालं.

परिणामातला फरक मुळात जनुकांचा. झाड आधी सीबीजीए हे आम्ल बनवतं. एक एन्झाइम त्याचं टीएचसीए (टीएचसीचं आधीचं रूप) करतं, दुसरं सीबीडीए (नशा न आणणाऱ्या सीबीडीचं आधीचं रूप). पहिलं वरचढ ठरलं तर झाड नशेचं, दुसरं ठरलं तर हेम्पसारखं (धाग्यासाठी, बियांसाठी पिकवतात ती जात) जवळपास बिननशेचं. टीएचसीएसुद्धा मुख्यतः तापल्यावर टीएचसी होतं. ऊन, खत, काढणी, वाळवण यांनीही फरक पडतो. टर्पीनं तर वाळवतानाच बरीच उडून जातात.

गांजाचे इंडिका आणि सॅटिव्हा असे दोन प्रकार सांगतात; 'इंडिका म्हणजे झोप, सॅटिव्हा म्हणजे तरतरी' यावर कृपया विसंबू नका. झाडाच्या ठेवणीवरून आतली रसायनं कळत नाहीत. टर्पीनमुळे नशेचा प्रकार बदलतो, याचा माणसांवरचा पुरावाही अजून तोकडाच आहे. टीएचसी जास्त तितका सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) धोका जास्त, कोवळ्या वयात तर विशेष. आणि भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याने गांजा बाळगणं गुन्हा आहे, जात कुठलीही असो.