वाचकांचे प्रश्न : हौशी रेडिओचा पल्ला आणि परवाना

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण गटाने ऑनलाइन ५ वॉटचे दोन हँडसेट घेतले. खोक्यावर पल्ला १० किलोमीटर छापला आहे. १४५ मेगाहर्ट्झवर लावून तोरणा आणि राजगड यांच्या माथ्यांवरून बोललो तेव्हा आवाज स्वच्छ होता. पायथ्याशी उतरल्यावर मात्र दोन किलोमीटरवरच्या सोबत्याशीही संपर्क होईना. संच सदोष असावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : संच ठीक असावा, फसवा आहे तो खोक्यावरचा आकडा. भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा हौशी सेवेचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या परवानाधारकांचा, दोन मीटर बँड (दोन मीटर ही लहरींची लांबी) आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे त्यांचा पल्ला वॉटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर आणि मध्ये काय आडवे येते यावर अधिक अवलंबून असतो. मोकळ्या जागी अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले, की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर धरला, तर क्षितिज ५ किलोमीटरवर येते आणि दोन्ही बाजूंचे मिळून १० किलोमीटर होतात. छापील आकडा बहुधा असाच काढलेला असावा आणि सपाट किनाऱ्यावर तो खराही ठरू शकेल. खोऱ्यापासून सहाशे-सातशे मीटर उंच माथ्यावरून हेच क्षितिज शंभर किलोमीटरच्या आसपास जाते, तर पायथ्याशी डोंगराची एखादी सोंड आडवी आली की संपर्क तिथेच तुटतो. म्हणूनच सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचे १४५.८०० मेगाहर्ट्झवरील प्रक्षेपण साध्या हँडसेटवर ऐकू येऊ शकते, आणि टेकडीपलीकडच्या सोबत्याचा आवाज येत नाही.

आपण न विचारलेली गोष्ट अधिक गंभीर आहे. या बँडवर परवान्याशिवाय बोलणे बेकायदा आहे, आणि विक्रेत्याने परवाना मागितला नाही म्हणून तो लागत नाही असे होत नाही. शिवाय असे अनेक स्वस्त संच चार कळा दाबल्या की हौशी बँड सोडून इतर सेवांच्या, अगदी आपत्कालीन यंत्रणांच्याही वारंवारितांवर जाऊन बसतात. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते; तिची तयारी नसेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी शक्तीचे, परवानामुक्त संच घ्यावेत. मात्र त्या संचाला सरकारी उपकरण-मान्यता आहे ना, हे आधी पाहावे. डोंगराची आड त्यांनाही चुकणार नाही.

प्रश्न : माझ्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर दुपारी ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास पुणे, बेळगाव, हैदराबाद इथले हौशी बोलताना ऐकू येतात. रात्री मात्र ते गायब होतात आणि दूरदूरचे परदेशी आवाज येतात. असे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा आपल्याकडचा चाळीस मीटर बँड आहे. दिवसा वातावरणाच्या आयनांबरातील (वरच्या विद्युतभारित भागातील) खालचा ‘डी’ थर या लहरी बऱ्याच शोषून घेतो. तिरप्या निघालेल्या लहरींना त्यातून लांबची वाट काढावी लागत असल्याने त्या क्षीण होतात, तर जवळजवळ सरळ वर गेलेल्या लहरी त्यावरच्या ‘एफ’ थरावरून परतून काहीशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. सूर्यास्तानंतर ‘डी’ थर विरतो, त्यामुळे तिरप्या लहरी हजारो किलोमीटर जाऊ लागतात. त्याच वेळी ‘एफ’ थरही विरळ होत जातो, मग सरळ वर गेलेल्या लहरी तो परतवू शकत नाही आणि त्या अवकाशात निघून जातात. म्हणून जवळचे हौशी ऐकू येत नाहीत. पुढे प्रक्षेपण करणार असाल आणि महाराष्ट्रापुरतेच बोलायचे असेल, तर सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल (मध्यभागी जोडलेली तारेची साधी अँटेना) पाच-सात मीटर उंचीवर आडवा बांधावा. तो उंच मनोऱ्यावर नेण्याचा हट्ट इथे उपयोगाचा नाही, कारण या कामासाठी लहरी सरळ वरच जायला हव्या आहेत.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला परवाना मिळेल का? मॉर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) शिकावेच लागते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मिळेल, किमान वय १२ आहे. परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभागातर्फे होते. मर्यादित श्रेणीसाठी रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम यांवरचे प्रश्न असतात, मॉर्स लागत नाही. सर्वसाधारण श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मॉर्स घेता व पाठवता यावे लागते. शॉर्टवेव्हवर पहिल्या श्रेणीला ५० वॉट आणि दुसरीला ४०० वॉटपर्यंत मुभा असल्याने अनेक जण थेट मोठ्या श्रेणीच्या मागे लागतात. शक्ती आठपट झाली तरी समोरच्याच्या संचातील, संदेशाची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर काटा जेमतेम दीड घर सरकतो, तेव्हा मुलीने मर्यादित श्रेणीपासून सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : माझ्या दोन मासेमारी बोटी आहेत. हौशी परवाना काढून त्यावर खलाशांशी भावाची बोलणी करता येतील का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : येणार नाहीत. हौशी सेवेत व्यवसायाचा कोणताही निरोप चालत नाही, पैसे न घेता दिला तरीही. बोटींसाठी १५६ मेगाहर्ट्झपासून पुढे सागरी व्हीएचएफ बँड आहे, त्याचे संच आणि परवाने वेगळे असतात. त्यातील १५६.८ मेगाहर्ट्झवरचा १६ क्रमांकाचा चॅनल संकटकाळासाठी आणि पहिल्या हाकेसाठी राखलेला असल्याने त्यावरही भाव बोलू नये.