जर्मनीत ‘ग्रीन बिल्डिंग’चं काम करायला यायचंय? एका आर्किटेक्ट मैत्रिणीला उत्तर

तुझ्या मेलचा गोषवारा असा: पुण्यात कन्सल्टन्सीत इमारतींची एनर्जी सिम्युलेशन्स (इमारत किती तापेल, किती वीज खाईल याचा संगणकावरचा अंदाज) करतेस, आता जर्मनीत यायचंय, आणि इथे कमी कार्बनच्या, उन्हापावसात टिकणाऱ्या इमारतींवर देश मिळून जे काम करतात त्यात शिरायचंय. मास्टर्स करू की थेट नोकरी शोधू, हा तुझा प्रश्न.

एजंट सांगणार नाही ते आधी सांगते. सहकार्याचंच काम हवं असेल तर त्यातली बरीच टेबलं दिल्लीत आहेत. पैसा बर्लिनचा किंवा बर्नचा, म्हणजे जर्मन किंवा स्विस सरकारचा असतो, पण माणसं तिथलीच लागतात. इमारतींतली ऊर्जा वाचवण्याचा भारत-स्विस ‘बीप’ प्रकल्प घे. 2011 साली आपल्या केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने आणि स्विस सरकारने सुरू केला, दहा वर्षं चालला. 2018 ची इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, त्यातूनच उभी राहिली. चौरस मीटरला 15 वॅटच्या ज्या आरईटीव्ही मर्यादेत (भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं माप) तू घरांच्या भिंती-खिडक्या बसवत असतेस, तीही तिथलीच. स्विस लोकांचं सगळं शहाणपण उष्णता घरात कोंडण्याचं. ते जसंच्या तसं नागपुरात लावलं असतं तर हसंच झालं असतं. म्हणून हिशेब आपल्या उन्हावर नव्याने मांडला: खिडकी किती, कुठल्या दिशेला, काच कसली, छज्जा केवढा. त्यांच्याकडून खरी उपयोगी आली ती खिडकीच्या बाहेरून लावायच्या हलत्या शेडिंगची पद्धत. इथे घरोघरी बाहेरून गुंडाळायची शटरं असतात, ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. आपण आतून पडदा ओढतो आणि एसी वाढवतो. वाळ्याचे पडदे बाहेर टांगणाऱ्या आपल्या आज्या याबाबतीत आपल्यापेक्षा पुढे होत्या!

एलसी-थ्री या कमी कार्बनच्या सिमेंटचंही तसंच. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं ईपीएफएल हे तंत्रविद्यापीठ, क्युबातलं लास व्हियासचं विद्यापीठ आणि आपल्या आयआयटी यांनी मिळून ते घडवलं. सिमेंटचा मुख्य घटक असलेलं भाजलेलं क्लिंकर निम्मं काढून त्याजागी भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड. क्लिंकर भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे क्लिंकर घटलं की उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत खाली येतं. चिनीमातीच्या कामाला न चालणारी हलकी मातीही याला चालते, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. 2023 साली भारतीय मानकही आलं. अशा कामाची ओढ असेल तर आयआयटीतून पीएचडी करून वर्षभर लोझानला जाणं हा जर्मनीतल्या मास्टर्सपेक्षा सरळ रस्ता आहे. पॅरिसच्या 2015 च्या परिषदेत जन्मलेली इमारतींची जागतिक आघाडी, इमारतींबाबतची 2024 ची शाय्योची घोषणा, हे सगळं चांगलंच आहे. ही घोषणा सुमारे 70 देशांनी मान्य केली. पण घोषणांमागच्या नोकऱ्या मोजक्याच असतात.

आता जर्मनी. इथलं मुख्य काम जुन्या इमारती दुरुस्त करण्याचं आहे. चकचकीत नवे टॉवर कमी. सत्तरच्या दशकातल्या चाळवजा इमारतींना बाहेरून इन्सुलेशन, खिडक्या बदलणं, गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र), हे जास्त. तू सिम्युलेशन करतेस म्हणजे निम्मी लढाई जिंकलीस. उरलेली निम्मी म्हणजे थर्मल ब्रिज (इन्सुलेशन तुटून उष्णता निसटते त्या जागा) आणि हवाबंदपणा. ब्लोअर डोअर चाचणीत घरात पंख्याने दाब निर्माण करून फटी शोधतात. आपल्याकडे हवा खेळती ठेवायला शिकलेल्या माणसाला हे सुरुवातीला उलटंच वाटतं.

कामाला मागणी राहील. युरोपीय संघाच्या 2024 च्या नियमानुसार 2030 पासून सर्व नव्या इमारती शून्य-उत्सर्जनाच्या हव्यात, आणि बांधकाम साहित्याचा कार्बनही मोजावा लागेल. डेन्मार्कने 2023 पासूनच मोठ्या नव्या इमारतींना चौरस मीटरमागे वर्षाला 12 किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली. तेव्हा आयुष्यचक्राचा, म्हणजे इमारत बांधण्यापासून पाडण्यापर्यंतचा कार्बन मोजायला शिकूनच ये. शिवाय इथे आता उन्हाळे तापतात, माळ्यावरच्या घरांत एसी नाही, आणि नव्या घरांना उन्हाळ्याच्या उष्णतेचीही चाचणी द्यावी लागते. पुण्या-नागपूरचं तुझं काम पोर्टफोलिओत पुढे ठेव, मागे लपवू नकोस.

गाव निवडायचं तर मी स्टुटगार्ट म्हणेन, आणि ते मी इथे राहते म्हणून नाही. हे शहर खोलगट दरीत आहे, हवा कोंडते, म्हणून 1938 पासून महापालिकेत हवामानतज्ज्ञ नेमलेला असतो आणि टेकड्यांवरची गार हवा खाली उतरावी म्हणून पट्टे मोकळे ठेवतात. मुंबईशी 1968 पासून भगिनी-शहराचं नातंही आहे, पण त्यावर नोकरी मिळत नाही. तसंच 2024 साली महाराष्ट्र सरकारने इथल्या राज्याशी केलेला करार कुशल कारागिरांसाठी आहे. तो वाचून तू फॉर्म भरू नकोस. हीट पंप बसवायला हात कमी पडतात हे मात्र खरं आहे.

व्हिसा: नोकरी हातात असेल तर ब्लू कार्ड (पदवीधरांसाठीचा कामाचा परवाना) बघ, नसेल तर चान्सनकार्टे, म्हणजे नोकरी शोधण्यासाठीचं कार्ड. चान्सनकार्टेवर वर्षभर राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला 20 तास कामही करता येतं. कागदावर ए-वन जर्मन (अगदी प्राथमिक पातळी) किंवा बी-टू इंग्रजी (बऱ्यापैकी सफाईची पातळी) चालतं. प्रत्यक्षात छोट्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टरशी फोनवर भांडता आलं पाहिजे, त्याला बी-टू जर्मनही अपुरंच पडतं. मास्टर्स करायचं तर मुख्यतः याच भाषेसाठी आणि इंटर्नशिपसाठी कर.

एक कायदेशीर गोष्ट. राज्याच्या आर्किटेक्ट चेंबरमध्ये, म्हणजे व्यावसायिकांच्या नोंदणी संस्थेत, नाव नोंदवल्याशिवाय ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. ऑफिसात नोकरी मात्र करता येते, बहुतेक जण तशीच सुरुवात करतात. पुढे सरकारी अनुदानाच्या एनर्जी तज्ज्ञांच्या यादीत नाव लागलं की पगारात फरक पडतो. या सगळ्यासाठी कॉलेजकडून विषयवार तासांचा तपशील आणि ऑफिसकडून कामाच्या टप्प्यांचं पत्र शिक्क्यासह आत्ताच काढून घे. एकदा राजीनामा दिलास की ती पत्रं मिळवायला फार चपला झिजतात.