आजारातून उठलेल्यांनी मुलांच्या वॉर्डात काय बोलावं?

या वेळच्या पत्रांमध्ये एक सूर पुन्हा पुन्हा आला : मोठ्या दुखण्यातून गेलो, आता आजारी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना धीर द्यायचाय. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : माझी केमोथेरपी संपून आठ महिने झाले. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात जाऊन माझा अनुभव सांगावा असं फार वाटतं. सुरुवात कशी करू?

आधी थोडं स्वतःकडे बघा. तपासणीची तारीख जवळ आली की अजून झोप उडते का? हॉस्पिटलच्या वासाने पोटात ढवळतं का? तसं असेल तर आणखी काही महिने थांबा. समोर एखादं पोर उलट्या करत असताना तुम्हालाच भोवळ आली, तर नर्सचं काम वाढेल, बाकी काही नाही.

आणि गेल्यावर अनुभव सांगू नका. हिरमुसू नका, कारण सांगते. मुलाला तुमच्या कहाणीशी देणंघेणं नसतं. त्याच्या डोक्यात दोनचार नेमके प्रश्न असतात, आणि ते डॉक्टरांना विचारायची त्याला लाज वाटते. आमच्याकडे एक मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, कुणाशी बोलायचा नाही. कॉलेजात जाणारी एक स्वयंसेविका त्याच्या शेजारी बसली आणि काही न बोलता कॉलर बाजूला करून तिने गळ्याखालची पोर्टची (केमोचं औषध देण्यासाठी कातडीखाली बसवतात त्या छोट्या डबीची) खूण दाखवली. बराच वेळ गेला. मग भिंतीकडूनच आवाज आला, ‘काढताना दुखलं?’ ती म्हणाली, ‘काढताना झोपवलं होतं. नंतर थोडे दिवस दप्तराचा पट्टा तिथेच घासायचा, त्याचा वैताग आला.’ तेवढ्यावर तो वळला. दप्तर म्हणजे शाळा, आणि शाळेत परत जाता येतं, हे तिने त्याला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

पालकांशी बोलताना मात्र जीभ सांभाळा. मुलांचे कॅन्सर आणि मोठ्यांचे कॅन्सर बहुतेक वेळा वेगळे असतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. ‘मी सहा महिन्यांत मोकळी झाले’ असं तुम्ही सहज बोलून जाल आणि ती आई रात्रभर मनात हिशेब मांडत बसेल. त्यापेक्षा ‘आज तुम्ही जेवलात का?’ हे विचारा, आणि ती खाली जाऊन चार घास खाईपर्यंत मुलापाशी बसा.

प्रश्न : मला लहानपणी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला होता. आता मी वॉर्डातल्या मुलांना पत्रं लिहिणार आहे. मैत्रिणी म्हणतात, ‘तू शूर आहेस, हरणार नाहीस’ असं लिही. मला ते पटत नाही.

तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. शूर म्हटलं की मुलाची रडायची सोय जाते. शिवाय आजार बळावला तर तो आपणच हरलो असं समजतो.

तुमच्याकडे शिक्क्याच्या वाक्यांपेक्षा चांगला माल आहे. स्टेरॉइडच्या दिवसांतली ती राक्षसी भूक, मध्यरात्री खायला मागणं, विनाकारण चिडून आईवर ओरडणं आठवत असेल तर लिहा. हे औषधामुळे होतं आणि औषध थांबलं की ओसरतं, हे तुमच्याकडून कळलं की मुलाला आपण वाईट वागतोय असं वाटणं कमी होतं. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एक वाक्य नक्की घाला : ‘तू काही केलंस म्हणून हा आजार झालेला नाही.’ या वयाची बरीच मुलं आजाराला शिक्षा समजतात आणि तसं बोलून दाखवत नाहीत. केसांबद्दलही लिहा. केमो संपल्यावर दोनतीन महिन्यांत ते दिसू लागतात, कधीकधी आधीपेक्षा कुरळे येतात. मुलांना याची फार गंमत वाटते.

जमलं तर एक पत्र घरी राहिलेल्या भावाबहिणीलाही. त्यांची चौकशी कुणी करत नाही.

प्रश्न : वॉर्डातल्या मुलीने मला विचारलं, ‘मी मरणार का?’ मी ‘छे, काहीतरीच!’ म्हणून विषय बदलला. काय म्हणायला हवं होतं?

‘असं का वाटलं तुला?’ इतकंच. शेजारची खाट अचानक रिकामी झालेली असते, किंवा दाराबाहेर आईला रडताना पाहिलेलं असतं. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञाने ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या वॉर्डात राहून अभ्यास केला, तो 1978 मध्ये पुस्तकरूपात आला. कुणी न सांगताही मुलांना आपल्या मरणाची कल्पना आलेली असते आणि मोठ्यांना त्रास नको म्हणून ती गप्प राहतात, असं तिला दिसलं. विषय बदलला की मूल तेच शिकतं : हे या माणसाशी बोलायचं नाही.

उत्तर देणं मात्र तुमचं काम नाही. ऐकून घ्या, ‘तुझा प्रश्न मी सिस्टरना सांगते, चालेल ना?’ असं तिला सांगून मगच सांगा. गुपित ठेवायचं वचन देऊ नका. ती मुलगी अजून तिथे असेल तर पुन्हा जा आणि ‘त्या दिवशी मी घाईने बोलले’ म्हणा. मुलं यासाठी राग धरत नाहीत.

प्रश्न : माझा आजार बरा होणारा नाही. मग इतरांना धीर देणं ही फसवणूक नाही का?

बरे झाल्याचं सोंग आणलंत तर फसवणूक. टेरी फॉक्स या कॅनडाच्या तरुणाचा उजवा पाय 1977 मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे कापावा लागला. उपचारांच्या काळात पाहिलेल्या रुग्णांचे चेहरे त्याच्या डोक्यातून जाईनात. 1980 मध्ये संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून तो कृत्रिम पायाने देशाच्या या टोकाहून त्या टोकाला धावायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोचल्याने त्याला थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला. धाव अपुरी राहिली, म्हणून कुणी त्याला फसवा म्हटलेलं ऐकलं नाही. त्याच्या नावाने आजही दरवर्षी लोक धावतात.

तुम्हाला धावायची गरज नाही. आपल्यासारखाच बरा न होणारा आजार असलेल्या मुलाच्या वडिलांशी आठवड्यातून एकदा फोनवर बोला. वाईट दिवस असेल तर ‘आज मला जमत नाही’ हेही त्यांना सांगा. तसं म्हणता येतं हे त्यांना कळू दे.

प्रश्न : भेट म्हणून काय न्यावं?

फुलं, कुंडी, वापरलेली मऊ खेळणी नको. काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या) खाली आलेल्या मुलांना त्यातल्या बुरशीचा आणि जंतूंचा धोका असतो. धुऊन-पुसून घेता येईल असं नवं काहीतरी न्या, तेही सिस्टरना विचारून. सर्दी-खोकला असेल किंवा घरात कुणाला कांजिण्या आल्या असतील तर वॉर्डात जाऊच नका, व्हिडिओ कॉल करा.