फौजेचा ट्रक, पोकलेनचं वजन आणि मोडायला निघालेली एफडी

शिरपूर तालुक्यातल्या एका वाचकबंधूंचं पत्र आलं आहे. ते नाला खोलीकरणाची कामं घेतात. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यांनी 21 टनी पोकलेन घेतलं. मशीन एका कामावरून दुसऱ्या कामावर न्यायला भाड्याचा लोबेड, म्हणजे जड मशीन वाहणारा बुटका ट्रेलर, लागतो. एका शिफ्टिंगचे सरासरी 14,000 रुपये जातात आणि हंगामात अशी 25 शिफ्टिंग होतात. धुळ्याच्या एका दलालाने त्यांना लष्कराच्या लिलावातला स्टॅलियन ट्रक साडेचार लाखांत देऊ केला आहे. मागे जोडायला जुना ट्रेलर साडेतीन लाखांत मिळतोय, एक लाख दुरुस्तीला धरलाय. एकूण नऊ लाख. त्यातले सहा लाख एफडी मोडून आणि तीन लाख घरातल्या सोन्यावर उचलायचे, असा बेत आहे. गावातला एक निवृत्त फौजी गाडी चालवायला तयार आहे. पत्रात शेवटी लिहिलंय, "फौजेची गाडी तोफा ओढते, माझं पोकलेन काय ओढणार नाही?"

भाऊ, पैशाचा हिशेब मांडण्याआधी या शेवटच्या वाक्याकडे येऊ, कारण तुमचा सगळा बेत त्यावर उभा आहे.

तोफा ओढते हे खरं. पण कोणती तोफ, ते बघा. 105 मिलिमीटरची आपली फील्ड गन साधारण साडेतीन टनांची आहे आणि तिची हलकी आवृत्ती अडीच टनांच्या आत आहे. जबलपूरच्या शक्तिमानने वर्षानुवर्षं ओढलं ते अशा वजनाचं. बोफोर्स सुमारे 12 टनांची आली, तेव्हा तिच्यासाठी स्कॅनियाचे सहाही चाकांना ताकद जाणारे वेगळे ट्रक आणावे लागले. तुमचं पोकलेन 21 टन आणि त्याखालचा ट्रेलर आठ-दहा टन. म्हणजे मागे तीस टन. बोफोर्सच्या अडीचपट.

स्टॅलियन वाईट गाडी आहे असं मी म्हणत नाही. कच्च्या वाटेवर पाच टन आणि पक्क्या रस्त्यावर साडेसात टन, या गटातली ती गाडी आहे आणि त्या कामात ती चोख आहे. चारही चाकांना ताकद, खालचा गिअर, उंच चेसी. ओल्या काळ्या मातीतून किंवा नाल्याच्या वाळूतून ती जिथून निघेल तिथे साधा दहा टायर ट्रक रुतून बसेल. पण मागच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंना एकेकच टायर आहे, जोडी नाही. वाळूत तो गुण आहे, जड वजनाखाली तीच मर्यादा. शिवाय लोबेडचा पुढचा भार घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या, पाठीवरच्या फिरत्या तबकडीवर (टर्नटेबलवर) बसतो आणि त्या भारानेच घोड्याची मागची चाकं रस्त्याला घट्ट धरतात. स्टॅलियनला मागे नुसता हुक आहे. दलाल म्हणेल, चेसी कापून टर्नटेबल बसवून देतो. त्याला तिथेच थांबवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा मूलभूत बदल परस्पर करता येत नाही. तशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी आधी तेच कारण पुढे करते.

ओढणं एकवेळ जमेल, थांबवायचं कसं? तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याला कामं घेता, बिजासन घाटाचा उतार तुम्हाला मी काय सांगू. 4 जुलै 2023 ला पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. तीस टन मागे आणि सात-आठ टनांची गाडी पुढे, अशी जोडी उतारावर मागच्या वजनाच्या मर्जीवर चालते. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमचा फौजी मित्र कितीही कसलेला ड्रायव्हर असला, तरी त्याला या जागी बसवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

आता कायद्याचा भाग. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 खाली जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. समजा तुमच्या जोडीवर परवानगीपेक्षा 14 टन जास्त निघाले, तर एका पकडीचे 48,000 होतात. तुमच्या साडेतीन शिफ्टिंगचं भाडं एका नाक्यावर गेलं, शिवाय वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. आणि जादा वजनात कुणाला धक्का लागला तर बाधिताला विमा कंपनीने द्यायचं आणि मग ते मालकाकडून वसूल करायचं, असे आदेश होऊ शकतात. त्या वसुलीत पोकलेनच काय, वावरही गुंतू शकतं.

तरीही घटकाभर धरून चालू की गाडी ओढते, थांबते आणि कागदही झाले. मग पैसे सुटतात का?

आज तुमचं शिफ्टिंग वर्षाला 3,50,000 खातं. पत्र वाचल्यावर वाटतं की हे सगळेच वाचणार, पण तसं होत नाही. 12 ते 20 टनांच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमाच 2022 च्या दराने 35,313 रुपये आहे. कर आणि ट्रेलर मिळून 40,000 धरा. ड्रायव्हरला आठ महिने 18,000 प्रमाणे 1,44,000. रोड टॅक्स, पर्यावरण कर, फिटनेस, पीयूसी मिळून 35,000. पंधरा वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेसची फी 2022 मध्येच 12,500 वर गेली होती, हे लक्षात असू द्या. देखभालीला 60,000 हा मी हात आखडून धरलेला आकडा आहे. जाऊन-येऊन 120 किलोमीटर, लिटरला तीनचा अ‍ॅव्हरेज, म्हणजे फेरीला 40 लिटर डिझेल. 25 फेऱ्यांचे साधारण 92,000. सोनेतारणावर दहा टक्क्यांनी 30,000 व्याज आणि मोडलेल्या एफडीचं बुडालेलं व्याज सात टक्क्यांनी 42,000.

बेरीज 4,43,000. आज भाड्याला जातात त्यापेक्षा 93,000 जास्त.

यात गाडीची घटणारी किंमत नाही, टायर नाहीत, मोठा बिघाडही नाही. टायरचं म्हणाल तर लिलावातल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात उभे राहून बाजूने तडकलेले असतात. बोट फिरवलं की भेगा लागतात. स्टेपनीसह पाच टायर घ्यायचे म्हटले की तुमचा दुरुस्तीचा एक लाख तिथेच संपला. 24 व्होल्टला लागणाऱ्या दोन बॅटऱ्या, ब्रेकची रबरं, होस, सील हे सगळं त्याच्या वर.

माझ्या हिशेबाने वर्षाला 34-35 शिफ्टिंग झाली तर खर्च आणि बचत बरोबरीला येतात. तुमची 25 आहेत. "उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांची मशीन नेईन" असंही तुम्ही लिहिलंय. तो मग भाड्याचा धंदा झाला. मालवाहू गाडीला परवाना लागतोच आणि परवान्याविना पकडलं तर पहिल्याच वेळी 10,000 दंड आहे. नाकापेक्षा मोती जड होईल, भाऊ.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: पोकलेन ओढायला हा ट्रक घेऊ नका. एफडी मोडून नको आणि सोनं ठेवून तर मुळीच नको. पीक कर्जाची मर्यादा वाढवून मिळेल असाही उल्लेख पत्रात ओझरता आहे. तिकडे वळूच नका. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने चार टक्क्यांवर येतं आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते शून्यावर येतं. ते पैसे ट्रकमध्ये अडकले, मुदत चुकली, की ही सवलत गेली.

मग सहा लाखांचं काय करायचं? अडीच लाख जसेच्या तसे ठेवा, पोकलेनचा हायड्रॉलिक पंप एकदा बसला की ते किती लवकर संपतात हे तुम्हाला ठाऊक आहे. उरलेले साडेतीन लाख मशीनच्या कर्जात भरा. कर्जाला 12 टक्के व्याज आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पहिल्या वर्षी साधारण 42,000 वाचतात. तीच रक्कम एफडीत 24,500 मिळवते, त्यावर पुन्हा आयकर. मात्र भरण्याआधी करारपत्रातलं अंशतः परतफेडीचं कलम वाचा. मशीनची कर्जं बहुधा फिक्स्ड दराची असतात आणि त्यात दंड लावलेला असतो. दंड दोन टक्क्यांच्या आसपास असेल तरी भरणं फायद्याचं आहे.

खरी बचत मला दुसरीकडेच दिसते. तुमच्या पंचवीस शिफ्टिंगची यादी मी पुन्हा पुन्हा पाहिली. त्यात सहा वेळा मशीन त्याच शिवाराकडे परत गेलंय, कारण जो आधी पैसे देईल त्याचं काम आधी, असं झालं. एका नाल्यावरची कामं लागोपाठ धरली तर दोन-अडीच किलोमीटर पोकलेन चेनवर स्वतः चालत जातं; डांबरी रस्ता ओलांडताना तेवढे टायर अंथरा. अशी पाच शिफ्टिंग टळली तरी 70,000 वाचले. त्यासाठी शेतकऱ्यांकडून हंगामाआधी थोडी इसार रक्कम घेऊन तारखा बांधाव्या लागतील. नाले खोल-रुंद करून पाणी अडवायच्या शिरपूर पॅटर्नमुळे तुमच्या भागात नाला खोलीकरण लोकांना समजावून सांगावं लागत नाही, हा तुमचा मोठा आधार आहे.

ट्रकचा मोह तरीही सुटत नसेल, तर तो पोकलेनसाठी नको, दुसऱ्या कामासाठी घ्या. नाल्याच्या पात्रात पाणी, बकेटचे दात, सुटे भाग, माणसं नेणं, पाच टनांच्या आतला मुरूम हलवणं. अशा कामाला स्टॅलियन शोभतो आणि त्यासाठी सोनं गहाण पडत नाही. तेव्हाही बोली लावण्याआधी लॉट कशाचा आहे ते बघा. भंगार म्हणून विकलेली गाडी रस्त्यावर नोंदवता येत नाही, मग ती कितीही चालू असो. लष्कराचा बाण असलेला नंबर तुमच्या नावावर होत नाही. नवी नोंदणी धुळ्याला एमएच 18 मध्ये करावी लागते आणि तिला लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म 21 चं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. चेसी आणि इंजिन नंबर त्या कागदाशी स्वतः ताडून बघा. "कागद मागून येतील" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही इसार देऊ नका. आरटीओत गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून नोंदणी होईल का, ते लेखी विचारा.

लोबेडवाल्याशी बोलणी मात्र दिवाळीआधी करा, हंगाम तापला की भाव त्याच्या हातात जातो. वीस शिफ्टिंगची हमी दिली तर 14,000 चे 12,000 व्हायला हरकत नाही. तारखेला दोन दिवस पुढे-मागे चालत असेल तर आग्रा रोडने इंदूरकडून रिकामा परतणारा ट्रेलर आणखी कमीत येतो. करारात भाड्यासोबत तीन गोष्टी लिहून घ्या: चढवताना-उतरवताना मशीनला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, गाडी ठरल्या दिवशी आली नाही तर तुमच्या बुडालेल्या दिवसाचं काय, आणि लोबेडचा विमा व फिटनेस चालू असल्याच्या प्रती.