पेन नेमकं कुठे अडतं?

‘मॅडम, ह्याचं अक्षर सुधारायला काय करू?’ असं विचारणाऱ्या बहुतेक पालकांच्या मनात उत्तर ठरलेलं असतं: कित्ता. पोर्तुगालमध्ये पोर्तोला राहणाऱ्या एका आईने तोच धरला होता. मुलगा तिसरीत. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) बाईंचा निरोप आला होता की श्रुतलेखन पुरं होत नाही, अक्षर ओळ सोडून पळतं, खाडाखोड फार. म्हणून रोज संध्याकाळी कित्ता आणि रोज संध्याकाळी रडारड. शिवाय तिच्या मनात एक शंका: घरी मराठी बोलतो म्हणून तर हे होत नसेल?

मला पोर्तुगीज येत नाही. म्हणून व्हिडिओ कॉलवर मुलाच्या ताईला शब्द सांगायला बसवलं. ती तिथल्याच शाळेत शिकलेली. फोन वहीवर रोखला. अक्षर कसं आहे यापेक्षा पेन कुठे थांबतं, ते मला बघायचं होतं.

आधी त्याचं नाव, मग मुळाक्षरं. एका लयीत लिहिली. ‘काझा’ म्हणजे घर, तेही सहज. ‘ओज’ म्हणजे आज. या शब्दात आधी एक मुका ‘एच’ आहे, तरी अडखळला नाही, कारण हा शब्द रोजच्या लिहिण्यातला. मग ताई म्हणाली, ‘एलिस’, म्हणजे विमानाचा फिरता पंखा. पेन टेकलं, ठिपका पडला, पुन्हा उचललं. त्याने ताईच्या तोंडाकडे पाहिलं. ‘ई’ काढला, खोडला, त्याच्यावरच ‘एच’ गिरवला. पुढे ‘स’पाशी गाडी परत थांबली, आणि उरलेली अक्षरं त्याने ओळीखाली घसरत कशीबशी उरकली. मुका ‘एच’ दोन्ही शब्दांत होता. एक शब्द ओळखीचा, दुसरा नाही, एवढाच फरक.

पोर्तुगीजमध्ये ‘स’चा आवाज ‘एस’, डबल ‘एस’, ‘सी’, शेपटीवाला ‘सी’ आणि काही शब्दांत चक्क ‘एक्स’नेही लिहितात. थोडे नियम आहेत, उदाहरणार्थ शेपटीवाला ‘सी’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. बाकी शब्द नजरेत बसलेला असावा लागतो. त्यात पोर्तुगालच्या बोलण्यात आघात नसलेले स्वर बरेचदा गिळले जातात, म्हणजे जे ऐकूच येत नाही तेही लिहायचं! आपल्याकडचं पोर ‘पाणी’ झरझर लिहितं आणि ‘परीक्षा’पाशी थबकतं, तसंच हे.

आपल्याला वाटतं, स्पेलिंग आधी ठरतं आणि मग हात चालतो. पण हात चालू असतानाही डोक्यात ‘पुढे कुठला स?’ चाललेलं असतं, आणि तेवढ्यात अक्षराचा आकार बिघडतो. डिस्लेक्सिया (म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली मुळातली अडचण) असलेल्या इंग्रजी मुलांवरचा 2013चा एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. ही मुलं सावकाश लिहितात ती वारंवार थांबतात म्हणून. त्यांचा हात मंद नसतो. या मुलाला डिस्लेक्सिया आहे असं मी म्हणत नाही. त्याचं वाचन वयाला साजेसं होतं.

कित्ता बंद करायला सांगितला. तो तसाही समोर बघून उतरवायचा असतो. त्यात स्पेलिंग आठवावं लागतच नाही. त्याऐवजी येणाऱ्या धड्यातले चार-पाच शब्द आधीच काढायचे: बघ, झाक, लिही, ताडून बघ. निबंधाला बसताना अवघड शब्दांची चिठ्ठी शेजारी ठेवायची. आणि मराठी? ती मुळीच सोडायची नाही. फक्त त्याच्या वर्गमित्रांनी शाळेआधीच पोर्तुगीज चित्रपुस्तकं चाळलेली असणार, ती कसर ताईने रोज थोडं त्याच्याबरोबर वाचून भरून काढावी.

नाव आणि मुळाक्षरंसुद्धा रेटत लिहावी लागली असती, बोटं दुखली असती, तर मी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे हाताच्या हालचाली सुधारणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवलं असतं. वाचनही अडखळत असतं, तर शाळेकडे. पोर्तुगालच्या 2018च्या समावेशक शिक्षणाच्या कायद्याप्रमाणे शाळांत त्यासाठी तज्ज्ञांचा गट असतो, आणि मुलाला मदत हवी असल्याचं पालक स्वतः मुख्याध्यापकांना कळवू शकतात.

पुढच्या सत्रात आईने नवी वही दाखवली. सराव केलेले शब्द ओळीत बसत होते. नव्या शब्दांपाशी अजून खाडाखोड होतीच. रडारड मात्र थांबली आहे, आणि बाईंना सांगून श्रुतलेखनाचे शब्द आदल्या दिवशी मागून घ्यायचं आम्ही ठरवलं आहे.