पिल्लू असलेल्या घरात कोणत्या कुंड्या ठेवाव्यात?

घरात चार महिन्यांचे लॅब्राडोरचे पिल्लू आले असून बाल्कनीत दहा-बारा कुंड्या आहेत, त्यांतल्या कोणत्या ठेवाव्यात, असे आपण विचारले आहे. सर्वांत आधी त्यांत सायकस आहे का, ते पाहा. रोपवाटिकेत ते ‘सागो पाम’ म्हणून एरिका पामच्या शेजारीच ठेवलेले असते. प्रत्यक्षात ते पामच्या कुळातले नाही. एरिका पाम कुत्र्यांना निर्धोक आहे, तर सायकसचे पान, खोड, मूळ सगळेच विषारी असून बी सर्वांत घातक असते. त्यामुळे यकृत निकामी होऊ शकते, आणि सुरुवातीच्या उलट्यांनंतर कावीळ दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात. हे झाड उंचावर ठेवण्याऐवजी घरातूनच काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हृदयावर परिणाम करणारी कण्हेर आणि अडेनियमही नकोत.

मनी प्लांट, सिंगोनियम, डायफेनबेकिया आणि पीस लिली ही सगळी अळूच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खाजतो, तेच यांचे पान चावल्यावर कुत्र्याच्या तोंडात घडते, कारण पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आमच्या कुत्रीने फडताळावरून लोंबणाऱ्या मनी प्लांटचे एकच पान चघळले, तर तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या आणि ती पायपुसण्यावर तोंड घासत राहिली. ओल्या फडक्याने तोंड पुसून आम्ही डॉक्टरांना फोन केला. संध्याकाळपर्यंत ती जेवली. तेव्हापासून ‘वर टांगले की झाले’ यावर माझा विश्वास नाही, कारण वेल खाली येतोच. कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने उलट्या-जुलाब होतात. तिच्याच रूपाची छोटी हॉवर्थिया मात्र चालते.

एरिका पामखेरीज स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलाथिया, पेपरोमिया आणि बाल्कनीत मोगरा, तुळस खुशाल ठेवा. गुलाबही चालतो, फक्त काट्यांकडे लक्ष असू द्या. निर्धोक झाडाचीही पाने पोटभर खाल्ली तर पिल्लू ओकेल, एवढे गृहीत धरावे.

खताकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. एरंडीच्या पेंडीत रिसिन हे जहाल विष उरलेले असू शकते, आणि कुत्र्यांना तिचा वास आवडतो. त्यात हाडांचा चुरा मिसळला, तर ते कुंडी उकरून माती खातात. ही पेंड घरात आणूच नका. शेणखत किंवा गांडूळखत वापरून तेही मातीखाली नीट दाबा.

पिल्लाने काही खाल्लेच, तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका, कारण त्या मिठानेच जिवावर बेतू शकते. झाडाची फांदी किंवा खताची पिशवी बरोबर घेऊन तडक पशुवैद्यकाकडे जा.